एकविसावे शतक

॥ श्री ॥

कुंभकोणम्,
ता. २० जुलै २०२५

चि. मधुमिता हीस तुळसी आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व ठीक आहे. तिकडचे ठीक की बेठीक ते टीव्हीवर दिसतेच.

फोन केला नाही, कारण फोनवर आता तुझा आवाज मला भांड्यात मुंग्या चालल्यासारखा ऐकू येतो, आणि मी देते ते उत्तर मात्र सगळ्या गल्लीला ऐकू जाते. म्हणून हे पत्र. शेजारची अक्षया ह्याचा फोटो काढून तुला पाठवील. तूही कागदावर लिहून तसेच पाठव, ती छापून आणून देते. दोन ओळींचे निरोप पाठवू नकोस. ते मी वाचत नाही.

तर तुझे विसावे शतक झाले. अभिनंदन लिहावे म्हणून बसले होते, पण लेखणी पुढे सरकेना. काल चेन्नैचा सामना संपला आणि आपल्या गल्लीत फटाके वाजू लागले. मला वाटले, मीच निकाल चुकीचा पाहिला. अक्षयेला विचारले तर ती म्हणाली, नाही मामी, आपण चार धावांनी हरलो, पण मधूअक्काचे शतक झाले ना! हरल्यावर फटाके वाजवणारी माणसे ह्या जन्मी पाहायला मिळाली. सर्वांत पुढे तुझा अनंतकृष्ण काका. त्याच्या भांड्यांच्या दुकानापुढे तुझा केवढा तरी फोटो लावला आहे, आणि फोटोत तुझ्या शेजारी तो स्वतः उभा आहे. तुझ्यापेक्षा जरा मोठाच दिसतो.

आता सामन्याविषयी. ऐंशी धावांपर्यंत तू राणीसारखी खेळलीस. पुढे मात्र असे खेळू लागलीस की जणू कोणी डोक्यावर तुपाचा घडा ठेवला आहे आणि एक थेंब सांडला तर फटके बसणार आहेत. चेंडू अडव, अडव, एक धाव काढ, पुन्हा अडव. समोर ती आडुतुरैची शरण्या. तू वाया घालवलेले चेंडू भरून काढायला त्या पोरीने उंच फटका मारला आणि सीमेवर झेल गेला. पुढे तू शंभर पुरे केलेस, हेल्मेट काढलेस आणि आकाशाकडे पाहिलेस. आकाशात काय होते ग? किती धावा हव्यात ते तर खाली फलकावर लिहिले होते.

आजच्या पेपरात आहे की स्पर्धेच्या कोलंबोतल्या भागासाठी शरण्येला वगळले. कारण, बेजबाबदार फटका. त्याच पानावर तुझा हसरा फोटो. मी तो कापून ठेवलेला नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. बाकी काय लिहू? राग आला तर कागदावर काढ, मनात ठेवू नकोस.

तुझी,
तुळसी आत्या


कोलंबो,
२३ जुलै २०२५

ती. आत्यास मधुमितेचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र हॉटेलच्या खोलीत वाचलं. पहिल्या वाचनाला हसू आलं आणि दुसऱ्या वाचनाला इतका राग आला की सरावाच्या जाळीत मी बॅट जमिनीवर आपटली. माझ्या खोलीत पुण्याची एक मुलगी आहे, तिला मी तुझ्या चार ओळी वाचून दाखवल्या. ती म्हणाली की तुम्ही पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखातले मराठी, पण तुझ्या आत्या तर जुन्या बखरीतून उठून आल्यासारखं लिहितात. मी तिला म्हटलं, बखरीत निदान मेलेल्या माणसांनाच नावं ठेवतात.

तू राग कागदावर काढायला सांगितलास, म्हणून लिहिते. आत्या, तू आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलंस आणि आता आकड्यांना तुच्छ मानतेस? चेन्नैची ती खेळपट्टी संध्याकाळी मंद झाली होती. चेंडू बॅटवर येतच नव्हता. घरी पंख्याखाली बसून ते कळत नाही. बॅट तू कधी धरली आहेस? मला चेंडू टाकलेस हे खरं, अप्पा-अम्मा गेल्यावर नदीच्या वाळूत रोज सकाळी तूच टाकलेस. पण खेळणं वेगळं.

आणि सामना हरलो हे पुढल्या वर्षी कोणाला आठवणार आहे? कोणालाही विचार, माझं कोणतं शतक कोणत्या सामन्यात झालं आणि तो आपण जिंकलो का. कोणी सांगणार नाही. वीस मात्र सगळ्यांना माहीत आहे. मला चौतीस झाली. गुडघा मी बांधते तेव्हा दार लावून बांधते. निवड समितीतले लोक माझ्याशी आता फार गोड बोलतात आणि त्याचा अर्थ मला कळतो. आपल्या देशाकडून कोणत्याही बाईने एकवीस केलेली नाहीत. वीसवर मी आणि आधीच्या पिढीतली एक, अशा दोघी आहोत. एकवीसवर मी एकटी असेन. मग मला काढायला त्यांना दहा वेळा विचार करावा लागेल.

अनंताकाकांना तू हसतेस. मीही हसते. पण मी तेरा वर्षांची असताना ह्याच काकांनी मला दंडाला धरून नदीतून घरी ओढत आणलं होतं, सगळ्या घाटासमोर. उन्हाने तोंड काळं होईल, मग हिला करणार कोण, असं ओरडत होते. आज ते माझ्यापुढे हार घेऊन वाकतात. जिंकलेल्या सामन्यांपुढे ते वाकत नाहीत, आत्या. त्या आकड्यापुढे वाकतात. तो आकडा मी सोडू?

शरण्या अजून लहान आहे. तिला पुन्हा संधी मिळेल. मला मिळणार नाही. फटका मारायला मी तिला सांगितलं नव्हतं.

तेल लावते. माझ्यावर चिडलेली असलीस तरी मी तुझीच आहे.

मधू


॥ श्री ॥

कुंभकोणम्,
ता. २७ जुलै २०२५

चि. मधुमितेस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. चांगले खरमरीत लिहिलेस. माझ्याकडूनच शिकलीस, तेव्हा तक्रार नाही.

अनंता तुझ्यापुढे वाकावा म्हणून तू खेळतेस हे मला ठाऊक नव्हते. फार स्वस्तात खेळतेस. तो बँकेच्या मॅनेजरपुढे वाकतो, देवळाच्या हत्तीपुढे वाकतो, कोणाच्याही लग्नात पंगतीत आधी जागा मिळावी म्हणून आचाऱ्यापुढे वाकतो. त्याच्या कमरेला हाडच नाही.

आता त्याचा ताजा पराक्रम ऐक. त्याने ‘मधुमिता विक्रम गौरव समिती’ काढली आहे. अध्यक्ष तो, चिटणीस त्याची बायको दिव्यश्री. बसस्टँडजवळच्या चौकात तुझी पंचधातूची मूर्ती बसवायची आहे. मला म्हणाला, अक्का, तू पाहून पसंत कर. म्हणून त्याच्याबरोबर बसने स्वामीमलैला गेले. महालिंग स्थपती म्हणजे मोठा कारागीर, पण जन्मभर त्याने देव घडवले. त्याला क्रिकेट काय माहीत? मेणाचा साचा तयार होता. अग, तू एका बाजूला कंबर झुकवून उभी आहेस. बॅट दोन बोटांत अशी धरलेली आहे की तिला कमळ म्हणावे. पायांतले पॅड घुंगरांसारखे दिसतात. चेहऱ्यावर अपार करुणा. तू तशी कधी दिसली नाहीस, दिसशील असे वाटतही नाही. महालिंग बिचारा ओशाळून म्हणाला की अम्मा, हेल्मेट घातले असते तर मुकुट वाटला असता, म्हणून काढले.

पण खरी मौज खाली. बैठकीवर आकड्यात कोरले आहे: २१ शतके. मी अनंताला म्हटले, वीस झाली आहेत. तो म्हणाला, धातू एकदाच ओततात अक्का, आणि मधू एक तर काढणारच. शिवाय एकविसावे शतक चालू आहे, त्यात एकविसावे शतक, असे भाषणात छान जमते. मी त्याला विचारले, हे सुचायला तुला किती दिवस लागले. त्याला तेही कौतुकच वाटले.

परतीच्या बसमध्ये तो शेजारी बसला होता, म्हणून मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच आडुतुरैला गेले. तुला सांगितले नव्हते. शरण्येचे वडील तिथल्या भात संशोधन केंद्रात आहेत. केंद्राच्या मागेच त्यांचे घर आहे. अंगणात पोरगी मोज्यात चेंडू घालून झाडाला टांगून त्याला बॅटीने ठोकत होती. मला पाहून धावत आली, पाया पडली. आईने फिल्टरची कापी केली आणि बसायला खुर्ची दिली. मी मनाची तयारी करून गेले होते की ही माणसे तुझ्या नावाने बोटे मोडतील. ऐकून घ्यायचे आणि तुझ्या वतीने मान खाली घालायची. त्यांनी तसे केले असते तर बरे झाले असते.

शरण्या म्हणाली की अक्कांची काही चूक नाही, चूक माझीच. अक्का अडवत होत्या, म्हणजे तेच बरोबर असणार. मीच वेडी, संघासाठी मारायला गेले. आता कळले, आधी आपले बघायचे. आणि हे सांगताना तिचा चेहरा कसा होता म्हणून सांगू? माझ्या वर्गात पुढच्या बाकावर बसणाऱ्या मुली नवे सूत्र पाठ झाल्यावर दाखवत, तसा. आनंदी.

मी कापी अर्धीच ठेवली. कापी चांगली होती.

मधू, तू तिला बाद केलेस त्याचा मला तेवढा राग नाही. ती तुझ्यावर खूष आहे, ह्याची मला किळस आली. तुझी एवढीच शिकवण असेल तर मी वाळूत सकाळी उठून चेंडू टाकले ते कशासाठी, ते मला आता सांगता येणार नाही.

खाणेपिणे सांभाळ. भांडायला तरी उत्तर धाड.

तुझी,
तुळसी आत्या


कोलंबो,
१ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास नमस्कार.

वेळ कमी आहे, म्हणून थोडक्यात.

आडुतुरैला जायचं तुला काही कारण नव्हतं. माझ्या वतीने मान खाली घालायला मी कोणाला नेमलेलं नाही. तू लहानपणी माझ्या शाळेतही अशीच न विचारता यायचीस, आणि बाईंसमोर मलाच ओरडायचीस.

बातमी अशी की आमच्या एका मुलीचं बोट मोडलं आणि शरण्येला बोलावून घेतलं आहे. ती काल आली. विमानतळावरून थेट माझ्या खोलीत आली आणि तू दिलेली सुपारीची डबी मला दिली. तू तिच्याबरोबर डबी पाठवतेस आणि पत्रात मला शिव्या घालतेस, हे मला आवडलं.

परवा साखळीतला शेवटचा सामना आहे. नुसता जिंकून भागणार नाही. चेन्नैत हरलो, त्यानंतरचा एक सामना जिंकलो पण रडतखडत, त्यामुळे धावांच्या सरासरीत आम्ही मागे पडलो आहोत. आम्ही नंतर फलंदाजी केली तर बेचाळीस षटकं संपायच्या आत सामना संपवावा लागेल. एक चेंडू जरी पुढे गेला तरी जिंकूनही अंतिम सामन्यात नाही. कॅप्टनने हे सगळ्यांना सांगितलं आणि सांगताना माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तुझ्या पत्राची प्रत तिलाही मिळते की काय?

मी सरळ लिहिते. एकविसावं मला हवं आहे. परवाच हवं आहे. त्यानंतर काय होईल ते होवो. तू मला हलकी समज. समजतेसच.

मधू


कोलंबो,
४ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास मधुमितेचा नमस्कार.

काल तू सामना पाहिला असशील, पण खेळपट्टीवर आम्ही काय बोललो ते टीव्हीवर ऐकू आलं नसेल. तुला तर तसंही आलं नसतं. म्हणून लिहिते. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

चाळीस षटकं संपली तेव्हा आम्हाला जिंकायला चार धावा हव्या होत्या. दोन षटकं हातात होती. मी पंच्याण्णववर. हिशेब बघ: चार धावा मीच केल्या असत्या तरी नव्याण्णव होणार. शंभर व्हायचे तर मला सरळ षटकार हवा होता, नाही तर आधी एक-दोन धावा काढून शेवटी चौकार. समोर शरण्या. एक्केचाळिसावं षटक तिच्या वाट्याला आलं.

पहिला चेंडू फुलटॉस आला. पोरासोरांनीही मारावा असा. तिने तो अडवला. मला वाटलं, घाबरली. दुसरा पायाच्या खूप बाहेर चालला होता. सोडला असता तर पंचांनी वाइड दिला असता, एक धाव फुकट. तिने पुढे वाकून, हात लांब करून तो बॅटने थांबवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी तिच्याकडे गेले आणि काय चाललं आहे म्हणून विचारलं. ती तमिळमध्ये हळूच म्हणाली की अक्का, मी नुसती धरून ठेवते, सगळ्या धावा तुम्ही घ्या, एकविसावं होऊ दे. मी म्हटलं, मार, आपल्याला बेचाळीसच्या आत संपवायचं आहे. ती म्हणाली की अजून एक षटक आहे ना, त्यात तुम्ही षटकार मारा. मी आवाज चढवला. तर ती माझ्याकडे बघून म्हणाली की चेन्नैत मी मारलं तेव्हा मला घरी पाठवलं, तुम्ही अडवलं तेव्हा तुम्हाला हार घातले, मग आता मारायला का सांगता?

ती टोमणा मारत नव्हती, आत्या. टोमणा असता तर मी तिला तिथेच झापली असती. तिला खरंच कळत नव्हतं. तू लिहिलं होतंस तसाच चेहरा होता, सूत्र पाठ झालेला. मला स्वतःची इतकी घाण वाटली की मी मागे फिरले ते पाय कुठे पडतात ते न बघता.

उरलेलं षटक तिने तसंच काढलं. प्रेक्षक हसत होते. समोरच्या संघाच्या मुली टाळ्या वाजवत होत्या, कुत्सितपणे.

बेचाळिसावं षटक, मी खेळायला. आता मी तुला खोटं लिहीत नाही. एवढं होऊनही पहिला चेंडू आला तेव्हा मी षटकारासाठीच बॅट फिरवली. चुकला. यष्टीला लागता लागता राहिला. दुसरा तसाच चेंडू आला. बऱ्याच मुली सीमेवर उभ्या होत्या, मधे मोकळं रान. मी हलकेच ढकलून दोन धावा पळाले. सत्त्याण्णव. तिसऱ्याला एक. अठ्ठ्याण्णव. आता जिंकायला एक धाव हवी, आणि खेळायला शरण्या. तिने एक धाव काढली की सामना संपला आणि माझं शतक गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला इतकंच म्हटलं की कसाही लागू दे, मी पळणार आहे.

चौथ्या चेंडूला तिने नुसती बॅट पुढे धरली. मारलाही नाही, सोडलाही नाही. चेंडू पायापाशीच घरंगळला. मी तो सुटायच्या आधीच निघाले होते. तिचं नाव घेऊन ओरडले आणि ती पळाली. यष्टीरक्षक चेंडूवर झेपावली. शेवटचं अंतर मी अंग झोकून देऊन पार केलं. गुडघ्यातून कळ गेली ती अजून आहे. थेट फेक यष्टीला लागली, पण माझी बॅट आधी पोचली होती.

जिंकलो. अंतिम सामन्यात गेलो. सगळ्या मुली धावत आल्या. शरण्या मात्र तिथेच मांडी घालून बसली आणि रडायला लागली, माफ करा, माफ करा अक्का, असं म्हणत. मी तिला उठवायला गेले तर मलाच उठता येईना. शेवटी आम्ही दोघी मातीत बसून राहिलो. फोटोग्राफरना वाटलं, आनंदाश्रू.

हॉटेलवर मी तिला समजवायचा प्रयत्न केला. चेन्नैत तू बरोबर होतीस आणि मी चूक होते, असं म्हटलं. ते तिला पटलं की नाही, कळलं नाही. ती नुसती मान डोलवत होती.

मी दुःखात नाही. सुखातही नाही. लिहिताना झोप येते आहे. तुझ्या चार शब्दांची वाट बघते, ते गोड नसले तरी.

मधू


॥ श्री ॥

कुंभकोणम्,
ता. ५ ऑगस्ट २०२५

चि. मधुमितेस अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिली गोष्ट. त्या वयात आणि त्या गुडघ्यावर जमिनीवर उडी घेणारी बाई मूर्ख असते. डॉक्टरांना दाखव. मला खोटे लिहू नकोस, अक्षया शरण्येला विचारणार आहे.

दुसरी गोष्ट. सामन्याच्या दिवशी इकडे आडी अठरा, नदीच्या पूजेचा सण होता. कावेरी दुथडी भरलेली, सगळे गाव घाटावर. मी गेले नाही, टीव्हीपुढे बसले. तू धावलीस तेव्हा मी काय ओरडले ते मला ठाऊक नाही, पण समोरच्या घरातली तीन माणसे पळत आली. त्यांना वाटले घरात काही झाले. मी त्यांना परत पाठवले. सामना जिंकला हे त्यांना सांगितले नाही. विचारण्याइतकी अक्कल त्यांना नव्हती.

आता गावाचे ऐक. देश अंतिम सामन्यात गेला, एक फटाका वाजला नाही. आणलेले फटाके अनंताने दिवाळीसाठी माळ्यावर ठेवले. संध्याकाळी तो इथे आला, सोफ्यावर धपकन बसला आणि म्हणाला की मधूने नाक कापले. कोणाचे, म्हणून विचारले, तर म्हणाला समितीचे. त्या आडुतुरैच्या पोरीने घात केला असेही म्हणाला. मी त्याला सांगितले की तुझे नाक मला लहानपणापासून माहीत आहे, त्यात कापण्यासारखे कधी काही नव्हते. मग दिव्यश्री समजूत घालायला लागली की लोक बोलतात हो वन्सं, दोन धावांसाठी. मी म्हटले, त्या दोन धावा तू जाऊन काढ. ती उठून गेली. तिने आणलेल्या मुरुक्कांचा डबा तेवढा राहिला आहे. मी खाते आहे.

मूर्ती ओतून झाली होती. महालिंगाकडे अनंता दोनदा जाऊन आला. २१ मधला एक घासून काढला तर दोन शतके उरतात आणि घासलेल्या जागी शून्य कोरायला धातू पुरत नाही. महालिंग म्हणाला की अय्या, बैठक काढून टाका आणि देवी म्हणून कोठेही बसवा, हातातली वस्तू कोणी विचारणार नाही. समिती विचार करते आहे. विचार करणे हा तिच्या सवयीचा विषय नव्हे, म्हणून वेळ लागेल.

तुझ्याविषयी काय लिहू? पहिल्या चेंडूला बॅट फिरवलीस ते मी पाहिले होते. तू लिहिले नसतेस तर मी लिहिले असते. बरे झाले तूच लिहिलेस. शरण्येला एका संध्याकाळी समजवून पटणार नाही. तिने तुला वर्षानुवर्षे पाहिले आहे, तेवढाच काळ आता दुसरे काही पाहावे लागेल. तुझ्याकडे तेवढा काळ आहे का, ते मला ठाऊक नाही.

मी तुझ्यावर खूष आहे असे समजू नकोस. पण काल रात्री जेवले पोटभर.

गुडघ्याचे आधी कळव, मग बाकीचे.

तुझी,
तुळसी आत्या


चेन्नै,
१६ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास मधुमितेचा शिरसाष्टांग नमस्कार.

अंतिम सामना तू पाहिलासच. मी सात धावांवर त्रिफळाचीत, गुडघा वाकलाच नाही. पण आपण जिंकलो. शरण्या शेवटपर्यंत टिकली आणि जिंकण्याचा चौकार तिने मारला. तिच्यासमोर खेळणारी मुलगी अर्धशतकाला एक धाव कमी असताना राहिली. ती शरण्येवर जरा रुसली आहे. मला ते ऐकून फार बरं वाटलं. शरण्येने मला विचारलं, अक्का, बरोबर केलं ना? मी म्हटलं, मला विचारू नकोस. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, बरोबर केलं.

काल पुढच्या दौऱ्याचा संघ जाहीर झाला. त्यात मी नाही. मला कोणी फोन केला नाही. सरावानंतर बूट सोडत असताना एका पत्रकाराने प्रतिक्रिया विचारली, तेव्हा कळलं. ज्यांच्याकडून इतकी वर्षं खेळले त्यांनी दोन वाक्यांचीही तसदी घेतली नाही. मी एकवीस केली असती तर कदाचित दोन वाक्यं बोलले असते. त्यापलीकडे काही झालं असतं असं आता वाटत नाही. मी ह्या लोकांना घाबरून आकडा मोजत होते, आत्या. ह्या लोकांना!

मंगळवारी सकाळच्या गाडीने कुंभकोणम्‌ला येते. महिनाभर राहीन म्हणते. पुढे काय ते माहीत नाही. कोणाला सांगू नकोस. काकांना तर नकोच.

तुझ्या हातचं जेवायला आणि ओरडून घ्यायला येणारी,

मधू


॥ श्री ॥

कुंभकोणम्,
ता. १७ ऑगस्ट २०२५

चि. मधुमितेस अनेक उत्तम आशीर्वाद.

कोणाला सांगू नकोस म्हणतेस, पण टीव्हीने आधीच सांगितले. दुकानापुढचा तुझा फोटो आज सकाळी उतरला. आता तिथे कुठल्याशा नटाच्या शेजारी अनंता उभा आहे. तो बाजारात मला भेटला तेव्हा त्याने मान दुसरीकडे वळवली. मी मुद्दाम समोर जाऊन उभी राहिले आणि तुझी खुशाली सांगितली, चांगली मोठ्याने. कान गेल्याचा हा एक फायदा आहे.

तुला फोन न करणाऱ्यांबद्दल मी लिहिणार नाही. लिहिण्यासारखे शब्द मला येतात, पण हा कागद अक्षया वाचते आणि तिचे नुकतेच लग्न झाले आहे.

पुढे काय, ते मलाही ठाऊक नाही. तुझ्या वयात मला वाटत होते की सगळे ठरलेले आहे, आणि त्यातले काहीही तसे झाले नाही. तू माझ्या घरी आलीस. तेही ठरलेले नव्हते. महिनाभर म्हणालीस ते महिन्याचे तू ठरव, खोली मी आजच झाडून घेतली.

एक गोष्ट राहिली. आजवर तू दौऱ्यावरून आलीस की स्टेशनावर गर्दी असे. हार, बँड, कॅमेरे, आणि सगळ्यांच्या पुढे अनंता. त्या गर्दीत उभे राहायची मला लाज वाटे, म्हणून मी कधी आले नाही. घरीच दाराशी थांबत असे. तुला वाईट वाटत असेल, तू कधी बोलली नाहीस. मंगळवारी तिथे कोणीही नसेल.

मी येते. गाडी थांबली की लगेच उतरू नकोस, पायरी उंच आहे. मी डब्यापाशी येईपर्यंत थांब, माझ्या खांद्यावर हात ठेव आणि मग उतर.

तोवर सांभाळून ये, एवढेच मागते.

तुझी,
तुळसी आत्या